पैकीच्या पैकी

ताटाळ्यातली वाटी घरंगळली, तरी शाल्मलीने मान वळवली नाही. तिचा थरथरता हात टॅबवरच्या हिरव्या गोलाकडे निघाला होता. तिथवर पोचायला त्याला मिनिटभर लागायचं.

हात अर्ध्यावर असतानाच टॅब म्हणाला, "बरोबर! पुढचा प्रश्न." तो डोळ्यांवरूनच उत्तर ओळखायचा. अशा मुलांच्या हातांना त्रास नको म्हणून ही सोय वृंदानेच, तिच्या आईनेच, बनवली होती. इतर आयांचे आभाराचे निरोप अजून यायचे. ते वाचून तिला आता काहीच वाटत नसे.

दहा प्रश्न संपले, तेव्हाही हात हवेतच होता. वृंदाने तो हलकेच ओंजळीत घेतला.

"पैकीच्या पैकी गं, बाळा."

शाल्मली एकेक शब्द जोडत म्हणाली, "मी एकदाही दाबलं नाही, आई. मग ते कुणाला मिळाले?"