शेंडा आणि कडी

"यावर कुणाचा विश्वास बसणार नाही," सुतार भेटेल त्याला सांगायचा, "पण आमचं झाड सात वर्षांत बोटभरही वाढलेलं नाही."

झाड देवदाराच्या जातकुळीतलं, पण बुटकं. अंगणात, खिडकीसमोर लावलेलं. रोपवाटिकेवाला बुटकं म्हणाला, ते सुताराने वाढतच नाही असं धरलं आणि घरी तसा शब्द देऊन बसला.

खिडकीशी पलंगावर बायको होती. कमरेखालचं अंग गेलेलं. फाटक, रस्ता, येणारं-जाणारं माणूस, एवढंच तिचं जग. तिने अट घातली होती. उशीवरून बघताना शेंडा फाटकाच्या कडीवर गेला, की त्याच दिवशी झाडाला करवत.

सुताराचा जीव त्या झाडात. पण शेंडा कडीखालीच राहिला.

तेच बायकोला खुपू लागलं. नवरा चोरून छाटत असणार. एरवी तो तिची इतकी काळजी घेणारा, की वर्षातून एकदा तिला मागच्या खोलीत खुर्चीवर बसवून पलंगाच्या पायांना वाळवी लागली का ते बघायचा. पण झाडाच्या बाबतीत तिचा त्याच्यावर काडीचा भरवसा नव्हता.

सुट्टीला आलेल्या लेकीला तिने तपासाला धाडलं. लेकीने शेंडा हाताने खाली वाकवून निरखला. कात्रीची खूण नाही. झाड बदललं म्हणावं, तर खोडाला रोपवाटिकेची गंजकी पट्टी तशीच.

"बाबा साळसूद आहेत गं," पलंगाच्या कडेवर बसून पाय झुलवत लेक म्हणाली.

शेवटी रोपवाटिकेवाल्यालाच बोलावणं गेलं. तो आला, अंगणात जरा रेंगाळला, मग आत येऊन म्हणाला, "वहिनी, बुटकं म्हणजे सावकाश वाढणारं. न वाढणारं झाड मी अजून तरी विकलेलं नाही. तुमचंच बघा ना..."

सुताराला जोराचा ठसका लागला. ठसका ओसरल्यावर त्याने पाहुण्याला उशीपाशी नेलं आणि इथून बघा म्हणाला. पाहुण्याने बघितलं. शेंडा खरंच कडीखाली होता. तो डोकं खाजवू लागला.

"बोटभरही नाही," सुतार म्हणाला.

बायको छताकडे बघत होती.

"अहो, झाड वाढलं नाही, मानलं मी. मग हा पंखा दर वर्षी खाली का येतोय, तेवढं सांगा."