यार्डावरची तबकडी

"गोल होती. ताटाएवढी नाही, चांगली खळ्याएवढी. यार्डावर येऊन थांबली," प्रसेनजित फोनवर म्हणाला. "आवाज नाही, पंखे नाही. ड्रोन नव्हतं ते, हवालदारसाहेब."

"दुपारीच घेतली का बे?" पलीकडून पंजाबराव हवालदार हसला.

प्रसेनजित वीज उपकेंद्राचा ऑपरेटर. डिप्लोमा झालेला. डोणगावच्या पुढं, शेतांच्या मधोमध दोन खोल्या अन् तारांचं यार्ड. त्यानं कधी खोटं रीडिंग लिहिलं नव्हतं. त्याच्या शब्दावर लाईनमन खांबावर चढत.

"तारांवर अनोळखी वस्तू आली तर पोलीस पंचनामा लागते. गाडी पाठवा. दिवस बुडायच्या आत पाठवा."

"लोक जमले का तिथं?"

त्यानं खिडकीतून पाहिलं. गेटाबाहेर मोटारसायकली वाढत होत्या.

"हाव. जमून राह्यले."

"त्यायले बी दिसली?"

"साहेब, गाडी पाठवा ना."

फोन कट झाला.

लगेच इंजिनिअर योगिनी मॅडमचा आला. "प्रसेनजित, हे काय ऐकतेय मी? रिपोर्ट मागं घे. पेपरात आलं तर सस्पेंड करीन."

"करा मॅडम."

"अरे, तू शिकलेला माणूस!"

"म्हणूनच सांगून राह्यलो."

"आणखी कोणी पाहिलं?"

त्यानं फोन ज्ञानेश्वरला दिला. हा लाईनमन, आयटीआय केलेला, दोन लेकींचा बाप. त्यानं फोन कानाला लावला. "मी बी पाह्यली, मॅडम. या डोळ्यानं."

फोन ठेवून तो भिंतीला टेकला. "दादा, नोकरी गेली आपली."

"जाऊ दे."

कोणीतरी गेट हलवलं. साखळी वाजली. प्रसेनजितनं मेहकरच्या दीपकला फोन लावला. चॅनलवाला. माणसं मेली तरी हा जागचा हलत नसे.

"तबकडी? खरंच?" दीपक ओरडला.

"ये लवकर. अन् पोलिसायले कळव, तू कॅमेरा घेऊन निघाला म्हणून."

कॅमेरा निघाला म्हटल्यावर पोलिसांनाही गाडी सापडली. सूर्य टेकता टेकता दोन्ही गाड्या गेटात शिरल्या. बाहेरची गर्दी मागं सरकली. कॅमेऱ्याचा दिवा पेटला.

"कुठं हाय बे तुझी तबकडी?" पंजाबरावनं विचारलं.

प्रसेनजितनं बॅटरी रूमचं कुलूप काढलं. आतून त्याचा धाकटा भाऊ देवानंद बाहेर आला. त्याच्या मागं पूनम, लग्नाचा हार अजून गळ्यात.

पंजाबरावचा चेहरा उतरला. "अबे, हे तर सकाळी तू सांगत होता तेच..."

"हाव. तवा गाडी नव्हती तुमच्यापाशी."

पूनमनं सरळ कॅमेऱ्यात पाहिलं.

"मले कोणी पळवून आणलं नाही. मी माह्या मर्जीनं बौद्धाच्या पोराशी लग्न केलं. गेटाशी काठ्या घेऊन उभे हायेत, ते माहे भाऊ. त्यायचे चेहरे बी दाखवा."