झेपेल असं मशीन

दुकानदारानं पुढे सरकवलेलं सगळ्यात जोरदार प्रेशर मशीन हर्षदाला पटेना. गच्च्या नि पाण्याच्या टाक्या धुऊन द्यायचा धंदा काढायचा, असा सासऱ्यांनी या वयात हट्टच धरला होता. निदान मशीन तरी त्यांना झेपणारं हवं.

"अण्णा, हे जिन्यानं वर नेताना कंबर धरेल तुमची. त्यापेक्षा ते छोटं बघा. चाकं आहेत, गनही हलकी आहे."

"तुझ्या हाताला कशी वाटते?"

तिनं गन उचलून खटका दाबून पाहिला. नवरा गेल्यापासून घराबाहेरचं काही तिनं ठरवायची ही पहिलीच वेळ होती.

"छान आहे. नाही त्रास व्हायचा तुम्हाला."

अण्णा समाधानानं हसले. "हेच द्या," ते दुकानदाराला म्हणाले. "आणि गमबूट दाखवा."

दुकानदारानं त्यांच्या पायांकडे बघत मोठा जोड काढला.

"माझ्या मापाचे कशाला? मी आपला खाली उभा राहून पाइप सोडत जाईन. आमच्या मालकीणबाईंच्या पायाचे काढा."

हर्षदा त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिनं हळूच चपलेतून पाय बाहेर काढला.