पटाईत

"पोरं वाढवण्यात पटाईत कोण? तर जिला एकही पोर नाही ती!"

तागुमाने म्हण टाकली आणि मुहाचाच्या झाडाखाली बसलेल्या बाप्यांमध्ये हशा पिकला. बायकांनीही तोंडावर हात धरले. गावच्या पंचायतीत म्हण नेमकी बसली की निम्मा खटला जिंकलाच म्हणून समजा. आठ पोरांचा बाप तागुमा ऐटीत आपल्या ओंडक्यावर टेकला.

समोर चटईवर त्याची बहीण सेकेसाई बसली होती. तिला मूलबाळ नव्हते. धाकट्या भावाची पोरकी लेक चेनाई तिला हवी होती, शाळेत घालायला. तागुमालाही हवी होती, शेळ्यांमागे धाडायला.

बोलण्याआधी बायका वाजवतात तशी सेकेसाईने ओंजळीची टाळी वाजवली.

"दादा, परत म्हण ना. शुंबाला नीट ऐकू आलं नसेल."

शुंबा म्हणजे गावचा मुखिया. सिंहाच्या कुळीतला, आणि शुंबा म्हणजे सिंह, म्हणून सारे त्याला याच नावाने हाक मारत. त्याचे कान शाबूत होते, तरी त्याने कानामागे हात धरला. तागुमाने खुशीत म्हण पुन्हा म्हटली, या खेपेला ठणठणीत आवाजात.

"हे तुझं म्हणणं, की वाडवडिलांचं?" सेकेसाईने विचारले.

"वाडवडिलांचं! माझ्या पदरचं थोडंच आहे?"

"वाडवडील खोटं बोलतात?"

"जिभेला काही हाड आहे का तुझ्या!"

"मग झालं तर. शुंबा, पोरं वाढवण्यात मी पटाईत, असं वाडवडील सांगून गेलेत. दादाला आठ आहेत. त्याच्याविषयी ते एक अक्षर बोललेले नाहीत."

आता जो हशा उठला त्यात एका म्हाताऱ्याला ठसका लागला. त्याची पाठ चोळावी लागली.

"अगं, टोमणा मारायची म्हण आहे ती!" तागुमा ताडकन उठला. "तुला यातलं ओ की ठो कळत नाही, असा अर्थ आहे तिचा!"

"अर्थ मला नको शिकवूस." सेकेसाईची नजर हलली नाही. "बारा वर्षं ऐकतेय. विहिरीवर, चर्चमध्ये, लोकांच्या लग्नांत. एवढी वर्षं तिचं ओझं वाहिलं मी. आज तिनं माझं एक काम करू दे."

कुणी हसले नाही. शुंबाने तपकिरीची चिमूट ओढली, दोनदा शिंकला आणि सावकाश नाक पुसले.

"तागुमा, म्हण तूच आणलीस. वर दोनदा म्हटलीस. पोर आत्याकडे जाईल."

"माझ्याकडे आणखी एक म्हण होती," तागुमा पुटपुटला. ती कोणती, हे कुणी विचारले नाही.

चेनाईचे गाठोडे डोक्यावर घेऊन सेकेसाई पायवाटेने निघाली. तिचा आनंद गगनात मावत नव्हता. पोर मागून धावत येत होती.

"आत्या, तुला खरंच येतं? पोरं वाढवायला?"

"छे गं, काही येत नाही. माझं चुकलं की तू सांगायचं. चांगलं मोठ्यानं."

चेनाई थोडा वेळ तशीच धावत राहिली.

"तू फार भरभर चालतेस," ती ओरडली.

सेकेसाई थांबली. मग तिने छोटी छोटी पावले टाकायला सुरुवात केली.