चांगुणा घुमली नाही

चांगुणानं पदर तोंडात कोंबला आणि छाती जमिनीवरून उचलून घेतली. रंगूचा, तिच्या लेकीचा, शेवटचा दुधाचा दात सकाळीच पडला होता. सूर्य अजून डोंगरावर होता. तो मावळला की रंगूची हाडं मिटणार होती. मग ती जन्मभर गावातल्या बायकांएवढीच राहणार होती. तेवढा वेळ चांगुणाला गप्प बसायचं होतं. एकेकाळी तिनं पाझर तलावाच्या भरावाला एकटीनं दगड वाहिले होते. ते काम याच्यापुढं काहीच नव्हतं.

थोरल्या माणसांचं अंगच तसं. जामखेडच्या डोंगरात त्यांना थोरले म्हणतात, आणि ते आपल्याला धाकले म्हणतात. त्यात अपमान कुणाचाच नाही. थोरल्यांचं मूल जन्मतं आपल्या मुलाएवढंच. नुसतं खाऊपिऊ घालून ते थोरल्यांएवढं वाढत नाही. रोज तिन्हीसांजेला आई जमिनीला छाती लावून पारव्यासारखी घुमते, मूल मातीला कान लावून ऐकतं, आणि त्या आवाजानं त्याची हाडं वाढीला लागतात. आवाज सख्ख्या आईचाच लागतो. दुधाचे दात संपेपर्यंत हे चाललं, तर पोर पुढं वाढत वाढत बाभळीच्या वर डोकं काढतं. नाही चाललं तर आपल्यासारखं होतं आणि आपल्याएवढंच जगतं. थोरले तीनशे वर्षं जगतात. खायला मिळालं तर.

तेच मिळत नव्हतं. पूर्वी बांध घालायला, विहिरीतला दगड काढायला गावं थोरल्यांना बोलवायची आणि घरटी भाकरी द्यायची. जेसीबी आला आणि भाकरी बंद झाली. चांगुणाचा नवरा पुंजाराम रंगू तीन वर्षांची असताना ऐन उन्हाळ्यात तहानेनं गेला. गावालाच टँकर आठवड्यानं यायचा. त्यात थोरल्याची तहान कोण भागवणार? त्याचा खड्डा खणायलाही जेसीबीच आला. त्याच्या मातीला एकही थोरला आला नाही. चांगुणा दिवसभर डोंगरमाथ्यावर उभी राहून वाट बघत होती. तेव्हा तिनं ओळखलं, आता आपण दोघीच उरलो.

त्या संध्याकाळपासून ती घुमली नाही. लेक मोठी होऊन करणार काय? उपाशी राहणार, आणि आई गेल्यावर तिच्या मापाचं माणूस तिला सबंध जगात भेटणार नाही. ना नवरा, ना जाऊ, ना भांडायला शेजारीण. त्यापेक्षा धाकल्यांत राहील, शाळेत जाईल, लग्न होईल, नातवंडं खेळवून म्हातारी होऊन मरेल. ते मरण आपल्या डोळ्यांनी बघावं लागणार, हे चांगुणाला कळत होतं. कळून तिनं ते पत्करलं. थोरल्यांत न घुमणाऱ्या आईला पोर मारल्याचं पाप लागतं. पण ते पाप पदरात घालायला तरी कुणी उरलं होतं कुठं?

“आई, आज तरी घुम की,” रंगू म्हणाली. ती पालथी पडली होती, कान मातीला लावून. “तुजा घसा कवा बरा हुनार?”

चांगुणानं नुसती मान हलवली. घसा बसलाय, असं तिनं लेकीला सांगितलं होतं, आणि लेकीनं इतकी वर्षं ते खरं मानलं होतं. छातीत दूध दाटावं तसं घुमणं दाटून आलं. पदर दातांत फाटला.

पायथ्याची केशरबाई वर येऊन खडकावर बसली होती. रंगूसाठी तिनं आपल्या लेकीचा फ्रॉक आणला होता.

“चांगुणाबाई, जीव घट करा,” ती म्हणाली. “माज्या दोन हायेत, ही तिसरी. काय बी कमी पडू द्यायची न्हाई.”

सूर्य गेला. रंगूच्या अंगातून बारीक कडकड ऐकू आली आणि थांबली. तिनं गुडघे चोळले. दुखलं न्हाई, म्हणाली. चांगुणानं पदर काढला आणि मोकळी होऊन रडली. एकदाचं सुटल्यासारखंही तिला वाटत होतं, आणि तसं वाटतंय हेच तिला सहन होत नव्हतं.

रडून झाल्यावर काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, “आज कोन कोन घुमलं गं?”

हा थोरल्यांचा रोजचा प्रश्न. जमिनीतलं घुमणं कितीही लांबचं असो, पोरांच्या कानाला येतं. मोठ्यांचे कान त्याला बहिरे असतात. घुमता घुमता आया चार शब्दही बोलतात. म्हणून दिवेलागणीला प्रत्येक आई पोराला विचारते, आणि पोर सांगेल त्यावरून कोण कुठं आहे ते कळतं. पुंजाराम गेला त्या दिवशी रंगूचं उत्तर होतं, कुनीच न्हाई. त्यानंतर चांगुणानं कधी विचारलंच नव्हतं. कुठल्या तोंडानं विचारणार? तूच का घुमत नाहीस, असं लेकीनं उलट विचारलं असतं तर?

“रोजचीच,” रंगू म्हणाली. “पुनतांब्याकडची.”

चांगुणा लेकीकडं वळली. “रोजची?”

“व्हय. लई दिस झालं. तू इचारलंच न्हाई.” रंगूनं फ्रॉक अंगाला लावून बघितला. “तिला इकडं यायचंय, पन समदीकडं ऊस हाय. आपन पिकात पाय टाकत न्हाई न्हवं?”

“आनि... आनि काय म्हनती ती?”

“म्हनती, माजं पोरगं वाढतंय. तिकडं कुनाची लेक आसली, तर तिला बी वाढवा.”