उत्तरापुरती जागा

"पिल्लाचा आवाज नंतर भरू, कुमुदताई. तुम्ही उत्तरापुरती जागा सोडा," काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणाला.

जपानी कार्टूनपटातल्या अस्वलिणीला कुमुदताई मराठीत आवाज देत होत्या. माइकसमोर त्या एकट्याच. "बाळा, कुठं आहेस?" असं विचारायचं, थोडं गप्प राहायचं आणि पुढचं वाक्य घ्यायचं.

सिनेमा लागल्यावर त्या बघायला गेल्या. पडद्यावर अस्वलिणीने त्यांच्या आवाजात हाक मारली. सवयीने त्या गप्प राहिल्या, आणि पिल्लू चक्क मराठीत म्हणालं, "आई, इथंच आहे मी."

कुणाला तरी सांगावं म्हणून त्या वळल्या. शेजारच्या खुर्चीवर त्यांचीच पर्स होती.

घरी येऊन त्यांनी कुलूप काढलं. मुलगा कॅनडाला गेल्यापासून आत कुणीच नसायचं.

"आले रे मी," त्या म्हणाल्या, आणि उंबऱ्यातच उत्तरापुरत्या थांबल्या.