उजव्या बाजूचे साठ पत्रे

शेवटचा, साठावा पत्रा तिने वाकवला, मशीनमधून काढला आणि सहज म्हणून शेजारच्या नमुन्याच्या कपाटाला लावून पाहिला. कडीची खाच वर, पुढच्या अंगाला यायला हवी होती. ती मागे गेली.

तिने पीस फिरवून लावला. आता खाच पुढे आली, पण वरची खाली गेली. तिने ढिगातला दुसरा पीस काढून लावला, मग मधला, मग अगदी तळाचा. सगळ्यांची तीच तऱ्हा.

दवाखान्यातल्या कपाटांचं काम होतं. कपाटं साठ, म्हणजे उजव्या बाजू साठ आणि डाव्या साठ. कापलेला पत्रा दोन्हींसाठी एकच. उताणा ठेवून वाकवला की उजवी बाजू होते, पालथा घालून वाकवला की डावी. उजव्या तिच्याकडे होत्या, डाव्या समोरच्या मशीनवर तिच्या वडिलांकडे. सकाळी घाईत तिने पहिलाच पत्रा पालथा घातला होता आणि पुढे एकोणसाठ वेळा, अगदी मन लावून, तेच केलं होतं. वाकवलेला पत्रा परत सरळ करायला जावं तर घडीवर चिरतो. जादा पत्रा शिल्लक नव्हता. उद्या सकाळी माल न्यायला गाडी येणार होती. आणि उमेदवारीचे तिचे सहा महिने नेमके आज संपत होते. तिला ठेवायचं की घरी पाठवायचं, ते फोरमन आजचं काम बघून ठरवणार होता.

तिने समोर पाहिलं. वडील आपल्या मशीनवर तेल घालत होते. त्यांना कारखान्यात सगळे भोंगा म्हणत. तीस वर्षं पत्रा वाकवून त्यांचा एक कान गेला होता आणि त्याची भरपाई म्हणून आवाज दुप्पट झाला होता. मागच्या आठवड्यात ते तिच्यावर असे ओरडले की पार दारापर्यंत ऐकू गेलं, "अगं, माप कुठं लावतेयस? डोळे घरी ठेवून आलीस का?" वेल्डर पोट धरधरून हसला होता. तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. घरी जाऊन तिने पर्स आपटली.

"उद्यापासून कारखान्यात मला एक शब्द बोलायचा नाही, बाबा. चुकले तरी नाही. माझं मी निस्तरीन."

वडील "बरं" म्हणाले आणि खरोखरच गप्प झाले. आठ दिवसांत लोक त्यांच्या तब्येतीची चौकशी करायला लागले.

आज सकाळीही ती पहिला पत्रा वाकवत होती तेव्हा ते स्वतःचा पत्रा हातात धरून तिच्याकडे बघत उभे होते. मशीन चालू करायचं सोडून. तिने डोळे वटारले. त्यांनी मान खाली घातली, हातातला पत्रा इकडचा तिकडे केला आणि कामाला लागले. तेव्हा तिला लढाई जिंकल्यासारखं वाटलं होतं. आता वाटत होतं, ओरडले असते तर काय बिघडलं असतं? लोक हसले असते. एका पत्र्यावर भागलं असतं. स्वतःच्या जिभेचा तिला मनस्वी राग आला.

फोरमन दारातून आत आला. त्याच्या हातात एक कागद होता.

"तुझंच नेमणुकीचं पत्र आहे," तो खिशातून पेन काढत म्हणाला. "झाले का साठ?"

तिच्या हातमोज्यांत घाम साचला होता. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. साठ झालेच होते, खोटं काही नव्हतं. वेल्डर जोडायला घेईल तेव्हा बोंब होईल, तोवर सही झालेली असेल. पेनाचं टोपण निघालं.

"साहेब, सही करू नका," ती म्हणाली. "माझे सगळे उलटे झालेत. साठच्या साठ डाव्या बाजू आहेत."

वेल्डरने तोंडावरची काच वर केली. फोरमनने एक पीस उचलला, नमुन्याला लावला, परत ठेवला. त्याचा चेहरा उतरला.

"म्हणजे साठ डाव्या इकडे आणि साठ डाव्या तिकडे," तो म्हणाला. "आता गाडीवाल्याला काय सांगू मी?"

तिकडे म्हणताना तो वडिलांच्या ढिगापाशी पोचला होता. सवयीने त्याने तिथलाही एक पीस उचलला. उचलला आणि बघतच राहिला. मग खालचा काढला. मग तळाचा.

"भोंगा, अहो, या उजव्या आहेत. झाडून सगळ्या."

"असतील," वडील म्हणाले आणि फडक्याने हात पुसू लागले.

फोरमनने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. मग कागद भिंतीला टेकवून त्याने सही केली.

"दोन्ही ढिगांवरची उजवी-डावीची कार्डं बदला," तो म्हणाला. "आणि उद्यापासून पहिला पीस मला दाखवल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. दोघांनीही!"

ती वडिलांच्या मशीनपाशी गेली.

"बाबा, माझा पहिलाच पत्रा चुकला, तेव्हाच दिसलं होतं ना तुम्हाला?"

वडिलांनी वेल्डरकडे एक नजर टाकली. मग तिच्या कानाशी वाकून, जन्मात कधी बोलले नव्हते इतक्या हळू आवाजात म्हणाले, "बोलायचं नाही, असं तू म्हणाली होतीस. माझा पत्रा उलटायचा नाही, असं कुठं म्हणाली होतीस?"